आयआयटी-नीटची स्पर्धा: जागांचं गणित आणि घरातलं दडपण

बारावीनंतर आयआयटीत किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागावा यासाठी देशभरात दरवर्षी लाखो मुलं परीक्षेला बसतात. बेळगाव, निपाणी, बिदर, इंदूर, वडोदरा इथल्या मराठी घरांतही ही तयारी हल्ली आठवी-नववीच्या 'फाउंडेशन' बॅचपासूनच सुरू होते. पोराचा कल कळायच्या आत घराचा निर्णय झालेला असतो.

जागा किती, मुलं किती

आयआयटीसाठी आधी जेईई मेन आणि मग जेईई अॅडव्हान्स्ड अशा दोन पायऱ्या आहेत. २०२४ मध्ये मेनला सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थी बसले. अॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १ लाख ८० हजार जणांनी दिले. २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे मेन देणाऱ्या ८० मुलांमागे एक जागा.

त्याच वर्षी नीटला २३ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा १ लाखाच्या थोड्या वर होत्या आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी कॉलेजांत. खाजगी कॉलेजची फी झेपत नसल्याने सगळा रेटा या निम्म्या जागांवर येतो. त्यामुळे मुलाने मन लावून अभ्यास केला तरी नंबर लागेलच असं नाही. मागे राहिलेली सगळी मुलं आळशी होती, असं मुळीच नाही.

अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. नीटला अशी मर्यादा नाही. 'अजून एक वर्ष बसू' म्हणत रिपीट करणारी मुलं त्यामुळेच नीटकडे जास्त दिसतात. भाषेचाही प्रश्न आहे. मेन आणि नीट मराठीतून देता येतात, अॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते.

कोटा आणि लातूर

राजस्थानातल्या कोटा शहरात जे. के. सिंथेटिक्स कारखान्यातले अभियंता व्ही. के. बन्सल यांनी १९८०च्या दशकात घरीच शिकवणी सुरू केली. पुढे कारखाना बंद पडला आणि क्लासेस, होस्टेल, खानावळी हाच शहराचा धंदा झाला. मराठवाड्यात बोर्डाच्या गुणवत्ता यादीमुळे गाजलेला 'लातूर पॅटर्न' पुढे नीटकडे वळला. शेजारच्या बिदर जिल्ह्यातली मुलंही तिथे शिकायला जातात.

याच व्यवस्थेतून 'डमी' शाळा आल्या. नाव शाळेत, मूल दिवसभर क्लासला. खेळ, स्नेहसंमेलन, वर्गातली मैत्री सगळंच सुटतं. चाचणीतला क्रमांक एवढीच ओळख उरते.

दडपण घरात कसं शिरतं

बहुतेक आईबाप मुलाच्या भल्यासाठीच धडपडत असतात. पण क्लासच्या फीसाठी सोनं गहाण पडलं, शेत विकलं, कर्ज काढलं, हे मुलाला ठाऊक असतं. वर 'शेजारच्याला किती पडले?' ही रोजची विचारणा. मग कमी मार्क पडले की मुलाला ते घराचं नुकसान वाटू लागतं आणि ते बोलणंच बंद करतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,७६४ होता. अशा घटनांमागे एकच कारण क्वचित असतं. परीक्षेतलं अपयश हे त्यांतलं एक.

कोट्यात ऑगस्ट २०२३ मध्ये प्रशासनाने क्लासच्या चाचण्या दोन महिने थांबवल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: १६ वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये प्रवेश नको, रँकची हमी देणाऱ्या जाहिराती नकोत. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लासेसवर नियंत्रण आणण्याची मागणी सुप्रीम कोर्टापुढे आली, तेव्हा कोर्टाने पालकांच्या अपेक्षांकडेच बोट दाखवलं होतं.

सीमाभागातल्या पालकांनी काय तपासावं

सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या राज्याच्या. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी साधारणपणे अधिवास हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. निपाणीत दहावी करून कोल्हापुरात अकरावी घेतली म्हणून तो कोटा आपोआप मिळत नाही. उलट कोल्हापूरच्या मुलाने बारावी राजस्थानातून केली तर घरचा कोटा हातचा जाऊ शकतो. कर्नाटकात साधारणपणे राज्यात किमान सात वर्षं शिक्षण झालेलं लागतं. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद आहे. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका अकरावीच्या प्रवेशाआधीच वाचावी. एकापेक्षा जास्त वाटा माहीत असल्या की एका परीक्षेवरचा भार आपसूक हलका होतो.

मदत कुठे मिळते

झोप उडणं, जेवण कमी होणं, फोन न उचलणं, 'मी तुमच्यावर ओझं आहे' असं बोलणं, ही नाटकं समजू नयेत. अशा वेळी मार्कांचा विषय बाजूला ठेवून मुलाजवळ बसावं. मूल परगावी असेल तर तिथे जावं, गरज वाटली तर घरी आणावं आणि डॉक्टरांना दाखवावं. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते. सीमेच्या अलीकडून असो की पलीकडून, नंबर हाच. मुलालाही तो आधीच देऊन ठेवावा.