ताडोब्याच्या तलावावरचे वाजंत्री

ताडोबा म्हटलं की आज वाघ डोळ्यांपुढे येतो. पण 1870 साली चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेलं मध्य प्रांताचं गॅझेटियर नागपुरात छापून निघालं, त्यात या तलावाची जी दंतकथा दिली आहे तिच्यात वाघ कुठेच नाही. तिच्यात एक वरात आहे.

ही वरात चिमूरच्या डोंगरांतून चालली होती. उन्हानं सगळ्यांचा जीव कासावीस झालेला, पाण्याचा पत्ता नाही. वाटेत एक अनोळखी म्हातारा भेटला. म्हणाला, नवरानवरीनं इथं खणावं. त्यांनी हसत हसत पहिलाच घाव घातला आणि झरा फुटला. वऱ्हाडी ओंजळीनं पाणी पीत होते तोवर पाणी चढत गेलं आणि अख्खी वरात बुडाली. पुढे तळाशी देऊळ उभं राहिलं. काठावर एक ताड उगवला. तो दिवसा दिसे आणि तिन्हीसांजेला जमिनीत जाई. यात्रेकरूंनी हाक दिली की तलावातून भांडी वर येत. मग एका लोभ्यानं ती घरी नेली आणि भांडी येणं कायमचं बंद झालं. (भांडी देणाऱ्या तळ्याची ही गोष्ट महाराष्ट्रात इतर ठिकाणीही सांगतात, लोभ्यासकट.) शेवटी नोंद अशी की, शांत रात्री तलावाभोवती फिरणाऱ्या ढोल-तुतारीचा बारीक आवाज आसपासच्या लोकांना अजून ऐकू येतो.

हल्ली सांगितली जाते ती कथा वेगळी. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि त्याचा देव झाला. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथं लोक जमतात. 1955 साली हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे व्याघ्रप्रकल्प आला, सफारीच्या जिप्सी गाड्या आल्या. वाघाची कथा पुढे सरकली आणि वरातीची मागे पडली, त्यात नवल नाही. मला मात्र ती बुडालेली वरात जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात लोकांनी आपल्या कानांची साक्ष नोंदवून ठेवली आहे.

तर या आवाजाचं कूळ काय?

आधी बाहेरचं पाहू. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवाही तापते, आणि आवाज वर वळून विरून जातो. रात्री उलट होतं. पाण्यालगतची, जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची ऊबदार, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो. दिवसा शेजारच्या पांदीतही न पोचणारा ठोका रात्री कोसभर जातो. आणि ठोके होतेच. धान निसवला की या भागात शेतकरी रात्री जागलीला जातो. बांधावर मचाण, खाली शेकोटी, हाताशी पत्र्याचा डबा. डुकरांचा कळप आला की एका बांधीतून डबा वाजतो, तो ऐकून दुसऱ्या बांधीतला वाजवतो, मग तिसरा. मधोमध तलाव आणि चहूकडे डोंगर असले तर हे ठोके तलावाभोवती फिरताहेत असंच वाटणार. त्यात रातव्याची एकसुरी टकटक आणि लांबच्या गावातली लग्नाची डफडी. माझा तर्क असा की ‘फिरणारा’ हा शब्द त्या नोंदीत आला तो इथूनच.

पण ठोक्यांतून वरात कशी उभी राहिली? इथं कानाचं काम संपतं आणि मेंदूचं सुरू होतं. आवाज अर्धामुर्धा आला की उरलेला भाग मेंदू आपल्या अपेक्षेनं भरून काढतो. 2001 साली नेदरलँड्समध्ये मर्केलबाख आणि वॅन डी व्हेन या मानसशास्त्रज्ञांनी 44 विद्यार्थ्यांना आधी ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणं ऐकवलं. मग कानात नुसती खरखर सोडली आणि सांगितलं की, हिच्यात ते गाणं दडलेलं असू शकेल. ऐकू आलं की बटण दाबा. गाणं त्यात नव्हतंच. तरी सुमारे एक तृतीयांश जणांनी बटण दाबलं. आणि खरखरही नको, नुसती शांतता पुरते. 1953 साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू नीट येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत पाच-पाच मिनिटं बसवलं, तर 94 टक्के लोकांनी गुणगुण, शीळ असं काहीबाही ऐकल्याचं सांगितलं.

म्हणूनच ज्याची जशी गोष्ट तसं त्याचं वाद्य. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं डनिच हे गाव समुद्रानं चर्चसकट गिळलं, तिथं लाटांखालून घंटा ऐकू येतात म्हणे. बंगालात बरिसालच्या बाजूला पाण्याकडून धडधड येई; साहेबांच्या कानांना त्या तोफा वाटल्या आणि नावही पडलं ‘बरिसाल गन्स’. ताडोब्याच्या जंगलात घंटा नाही, तोफही नाही. मोठ्यानं वाजणारं असं गावानं वर्षभरात ऐकलेलं काय, तर वरात.

या वाजंत्र्यांनी कुणाचं वाईट केल्याची नोंद नाही. सगळ्या गावाला माहीत असलेला, मधूनच येणारा आणि कुणाला काही न सांगणारा हा आवाज होता. जागलीला पेंगताना आपल्याच नावाची हाक ऐकू येणं, माणूस गेल्यावर घरात त्याचं खोकणं ऐकू येणं, हेही त्याच जातीचं. त्यात वेड नाही. पण एकट्यालाच रोज आवाज येऊ लागले, ते शिव्या देऊ लागले, अमुक कर तमुक कर म्हणू लागले, झोप उडाली, तर ती गोष्ट वेगळी आणि तिच्यावर औषध आहे. पुजाऱ्याकडे जायचं तर खुशाल जा, पण जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही जा. तेवढं लांब जाणं जमत नसेल तर टेली मानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फिरवा. रात्री-बेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.