मोकळा माळ, मोकळं कुत्रं

माझ्याकडे भिंगरी नावाची कारवानी कुत्री आहे. लांब तोंड, आत गेलेलं पोट, आणि पाय असे की बसलेली असतानाही निघाल्यासारखी दिसते. अशा जनावराला पुण्यात दुसऱ्या मजल्यावर ठेवणं हा मुळातच अन्याय, हे मला मान्य आहे. रोज दोनदा साखळीनं फिरवलं तरी रात्री ती घरभर येरझारा घालायची. म्हणून दर रविवारी तिला गाडीत घालून सुप्याच्या बाजूला न्यायचे. डांबरी सोडली की सगळा माळच. माणूस नाही, वाहन नाही. साखळी काढली की ती खरोखर भिंगरी व्हायची. तिचं ते धावणं बघून माझंच आठवड्याचं ओझं उतरायचं.

मग मार्चमधल्या एका सकाळी चिंकारा उठली. गवतातून काहीतरी तांबूस उसळलं, आणि भिंगरी सुटली. मी हाका मारल्या, शिट्टी वाजवली. दोघी टेकाडापलीकडे गेल्या. चाळीसेक मिनिटांनी भिंगरी एकटी परतली. पंजे फाटलेले, तोंडाला रक्त नाही. मला हायसं वाटलं. जवळच मेंढरं घेऊन उभे असलेले एक धनगर आजोबा मात्र म्हणाले, "ताई, कुत्रं बांधा. पाडस हितंच कुठंतरी दडलं असंल."

मी चिडून त्यांच्या कुत्र्यांकडे बोट दाखवलं. "तुमची मोकळी चालतात, मग माझी का नाही?"

"ती मोकळी न्हाईत. मेंढरं सोडून जात्यात का बघा."

खरंच, दोन्ही कुत्री कळपाच्या कडेला बसून होती. एवढा गोंधळ झाला तरी ती जागची हलली नव्हती.

त्यानंतर मी माझ्या कुत्रीचा इतिहास नीट वाचायला घेतला. कारवान हे दख्खनचं शिकारी कुत्रं. वासावर नव्हे, नजरेवर धावणारं. व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज मध्य आशियातून आले, असं सांगतात. उघड्या माळावर दूरचा ससा हेरायचा, हरणामागे लागायचं, यासाठी पिढ्यानपिढ्या त्याची निवड झाली. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली, आणि एक जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली. तिथून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं, असं म्हणतात. २००५ साली हे कुत्रं टपाल तिकिटावरही आलं.

पण तोवर त्याचं काम संपलं होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, यांनी शिकारीचं दार बंद केलं. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग करणं, हाकणं, फासे लावणं, हेही त्यात येतं. चिंकारा आज पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे. माणसाला हे राजपत्रातून कळवलं गेलं. कुत्र्याच्या रक्तात मात्र जुनाच हुकूम चालू आहे. भिंगरीला हरिण दिसलं की माझी हाक ऐकू येत नाही, यात तिचा उद्धटपणा नाही. शेकडो वर्षं तिला नेमकं हेच शिकवलं गेलं.

दुसरा इतिहास माळाचा आहे. मी त्याला रिकामा म्हणत होते, पण हा शब्द माझा नव्हता. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदी याच भागात, इंदापूर तालुक्यात सुरू झाली. जमीन मोजायची ती सारा किती येईल यावर. ज्यातून सारा नाही ती पडीक. सातबाऱ्यावर आजही 'पोटखराबा' लिहिलेलं सापडतं, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळ मोडतात. ज्या जमिनीला सरकारदरबारी दोनशे वर्षं काहीच नाही असं म्हटलं गेलं, तिथे कुत्रं सोडताना माझ्या मनात प्रश्न तरी कसा यावा?

प्रत्यक्षात तिथे चिंकारा आपलं पाडस गवतात दडवून चरायला जाते. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. कुत्रं नुसतं जवळून गेलं तरी पक्षी उठतो, आणि उन्हाळ्यात अंडी तापायला वेळ लागत नाही. पाठलागातून वाचलेलं हरिणही स्नायूंच्या इजेनं मागाहून मरू शकतं. रोगांचं तर विचारूच नका. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह कुत्र्यांच्या डिस्टेंपरनं गेले. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांतही तोच विषाणू सापडला. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे.

याच पट्ट्यात, सुप्याला, १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. मी कुत्री सोडायचे ती हद्दीच्या बाहेर, म्हणून निर्धास्त होते. पण एवढ्याशा कुंपणात चिंकारा मावत नाहीत. त्या बाहेर येणारच.

आपल्याकडे जनावर मोकळं सोडायची रीत होती, हा युक्तिवाद मीही केला आहे. पण दावं, कासरा, लोढणं, मुसकी हे शब्द याच गावांतले. सोडलेल्या जनावराची जबाबदारी कुणाची, हे तिथे ठरलेलं असायचं. जेजुरीच्या खंडोबाचं कुत्रंसुद्धा देवाच्या पायाशी असतं.

भिंगरीला धावू द्यायचंच नाही, हे उत्तर मला पटत नाही. तो दुसरा अन्याय होईल. आता एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जाळीचं कुंपण असलेल्या बागेत ती दर रविवारी सुटते, पिकाला धक्का न लावण्याच्या अटीवर. लसीही वेळेवर देते. माळावर जाते तेव्हा कमरेला तीस फुटी दोर असतो. ती दोर ताणून क्षितिजाकडे बघत उभी राहते, तेव्हा अजूनही मला अपराधी वाटतं.

पण त्या सकाळची चिंकारा आपल्या पाडसापाशी परतली का, हे मला कधीच कळणार नाही. तो अपराध मोठा आहे.