कर्करोगातील कृशता आणि प्रयोगशाळेतील उंदीर

कर्करोगाच्या अनेक रुग्णांचे स्नायू झिजतात, चरबी ओसरते आणि पोषक आहार देऊनही ही झीज पूर्णपणे भरून निघत नाही. या अवस्थेस ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. २०११ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, उपासमार नसताना सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटणे हे तिचे प्रमुख लक्षण होय.

कर्करोग समजून घेण्यासाठी उंदरांचा आधार घेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांतील स्तनांच्या कर्करोगावर मूलगामी काम केले. कृशतेच्या अभ्यासासाठी जगभर प्रामुख्याने ‘सी-२६’ ही उंदराच्या मोठ्या आतड्यातील कर्कपेशी वापरली जाते. ती त्वचेखाली टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत उंदीर कृश होऊ लागतो.

झीज केवळ कमी खाण्यामुळे झाली की रोगामुळे, हे ठरविण्यासाठी निरोगी उंदरांच्या एका गटाला आजारी उंदरांइतकेच अन्न दिले जाते. त्यानंतरही आजारी उंदीर अधिक झिजल्यास तो फरक रोगाचा मानला जातो. शरीराचे खरे वजन काढताना गाठीचे वजन वजा करावे लागते.

तथापि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगातील उंदीर बहुधा तरुण असतात, त्यांची गाठ शरीराच्या मानाने मोठी असते आणि रोग काही आठवड्यांत बळावतो. रुग्ण मात्र बहुधा वयस्क असून त्यांच्यावर केमोथेरपीही चालू असते. ‘अ‍ॅनामोरेलिन’ या औषधाने रुग्णांचे स्नायूवस्तुमान वाढले, पण हाताच्या पकडीची ताकद वाढली नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत आढळले. २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्यास नकार दिला, तर २०२१ मध्ये जपानने मान्यता दिली.

याउलट, ‘जीडीएफ-१५’ हे प्रथिन मेंदूतील ज्या ग्राहकाद्वारे भूक मंदावते, तो २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. या प्रथिनास रोखणाऱ्या ‘पॉन्सेग्रोमॅब’ची १८७ रुग्णांवरील चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वाधिक मात्रा घेतलेल्यांचे वजन १२ आठवड्यांत, औषधविरहित गटाच्या तुलनेत, सुमारे २.८ किलोने अधिक भरले.

भारतात अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वपरवानगी आवश्यक असते. उंदीर रोगाची दिशा दाखवितो. औषधाची अंतिम कसोटी मात्र रुग्णाची शक्ती परत येते की नाही, हीच आहे.