राजापेठ (अमरावती) : हवा प्रदूषण

अमरावतीच्या वर्दळीच्या राजापेठ भागात हवा बिघडवणारा ठळक घटक म्हणजे धूळ. काळ्या मातीच्या वऱ्हाडात धूळ असायचीच, हा आक्षेप अर्धाच खरा. रस्त्याकडेला बसलेली धूळ वाहनांची चाके पुन्हा पुन्हा उडवतात आणि तीत डिझेलचा धूर, जाळलेल्या कचऱ्याची राख मिसळते. २.५ मायक्रॉनखालचे कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचल्याने दमा, हृदयविकार बळावतात. पानांवरच्या धुळीच्या थरामुळे प्रकाशसंश्लेषण मंदावते. २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकसंख्येच्या गटात अमरावती पहिली आली, मग चिंता कशाला? यश खरेच, पण सर्वेक्षणातले गुण मुख्यतः उपाययोजनांसाठी असतात. शिवाय पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र १५ ची; म्हणजे देशाची मर्यादा पाळली तरी हवा निर्धोक ठरेलच असे नाही.