भुशातला बर्फ

रसवंतीगृहात बर्फाची लादी गोणपाट आणि लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवलेली आपण पाहतो. ‘भुसा थंड असतो की गरम?’ असे आम्ही मुलांना विचारतो, तेव्हा बहुतेक जण ‘थंड’ म्हणतात. या उत्तराची तपासणी करायला इतिहासाची मदत होते.

१८०६ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला बर्फ जहाजात भरून वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर नेला. लोकांनी त्याला वेड्यात काढले. सुरुवातीची वर्षे तोट्यात गेली, कारण बर्फ कापण्यापेक्षा तो टिकवणे अवघड होते. पेंढा, झाडांची साल असे अनेक पदार्थ वापरून झाले. पुढे या व्यापारात लाकडाचा भुसा फार सोयीचा ठरला. लाकूड-गिरण्यांबाहेर त्याचे ढीग नुसते पडून असत. त्या कचऱ्याला आता गिऱ्हाईक मिळाले.

मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. दुहेरी फळ्यांच्या भिंतींत उष्णतारोधक भरण घातले होते. दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी ते कलकत्त्याला पोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! लवकरच मुंबई आणि मद्रासलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. मद्रासचे १८४२ चे बर्फघर आजही समुद्रकिनारी उभे आहे. पुढे बर्फ तयार करणारी यंत्रे आली आणि हा व्यापार संपला.

भुसा थंडी देत नाही. तो बाहेरची उष्णता अडवतो. खरे काम करते ती कणांमध्ये अडकलेली हवा. हवा उष्णतेची मंदवाहक आहे, आणि इवल्याशा पोकळ्यांत तिला फिरताही येत नाही. मात्र भुसा भिजला की हवेची जागा पाणी घेते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून अधिक! म्हणून भुसा कोरडा हवा आणि वितळलेले पाणी वाहून जायला वाट हवी.

फूरियेचा उष्णतावहनावरील ग्रंथ १८२२ साली, ट्यूडरच्या पहिल्या सफरीनंतर सोळा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. म्हणजे येथे अनुभव पुढे होता, सिद्धान्त मागून आला.

वर्गात हे करून पाहू या. बर्फाचे तीन सारखे खडे तीन पिशव्यांत बांधा. एक उघडा, एक कोरड्या भुशात, एक ओल्या भुशात ठेवा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. अर्ध्या तासाने पिशव्यांतील पाणी मोजा. अंदाज चुकला तर उत्तमच. खरा तास तेथूनच सुरू होईल.