साडेआठची वेळ

मुंबईतल्या वाण्याने दुकान किती वाजता उघडावे, किती वाजता फळ्या लावाव्यात आणि आठवड्यातल्या कोणत्या वारी ते अजिबात उघडू नये, ह्या गोष्टी त्याच्या मर्जीवर न ठेवता सरकारने कलमे घालून ठरविल्या, त्याला अद्याप शंभर वर्षे पुरी झालेली नाहीत. आणि तरीही, ऐन स्वयंपाकाच्या वेळी घरातले मीठ संपावे आणि कोपऱ्यावरचे दुकान बंद मिळावे, ह्या अनुभवाबद्दल कुरकुर करणाऱ्या तीन पिढ्यांपैकी फार थोड्यांनी हा निर्बंध मुळात कोणासाठी आला होता ह्याची विचारपूस केली. कुरकुर खोटी होती असे मी म्हणत नाही. शहरातल्या गृहिणीने त्यापायी सोसलेला त्रास खरा होता, दीर्घकाळचा होता आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही. परंतु त्या त्रासाची कारणे दोन होती. एक गुमास्त्याच्या, म्हणजे दुकानातल्या नोकराच्या, विश्रांतीचे, दुसरे धान्याच्या टंचाईचे. दोन्ही एकाच दशकात शहरावर आली, आणि लोकस्मृतीत ती एकमेकांत अशी मिसळून गेली की न्याय्य निर्बंध कोणता आणि निव्वळ लाचारी कोणती, ह्याचा विवेकच उरला नाही.

पेशवाईतील पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्याने फिरण्याची मुभा संपत असे, आणि कोतवालाचे लोक गस्तीला निघत. बाजार त्यापूर्वीच मिटलेला असे. पण हा बंदोबस्त चोराचिलटांसाठी होता. दुकानात राबणाऱ्या पोऱ्याला झोप मिळावी हा विचार त्यात नव्हता, आणि त्या काळी तो कोठल्याच राज्यात नव्हता. खेड्यापाड्यांत तर दुकानाच्या वेळेचा प्रश्नच उद्भवत नसे. आठवडे बाजाराच्या दिवशी मीठमिरची घ्यायची आणि पुढच्या बाजारापर्यंत ती पुरवायची, हा दस्तूर घरातल्या प्रत्येक बाईच्या अंगवळणी पडलेला होता. अडचण निर्माण झाली ती शहरात. दहा बाय दहाच्या खोलीत महिन्याचा साठा ठेवायला जागा नाही, आणि गिरणीचा पगार हातात पडेपर्यंत तो भरायला पैसा नाही, अशा माणसाला रोजचे तेल, रोजचा गूळ, रोजचे अदपाव तांदूळ रोज आणावे लागत, आणि म्हणून त्याला वाणी हाकेच्या अंतरावर आणि अष्टौप्रहर हवा असे.

वाणी तसा मिळतही होता. आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर असताना उभी राहिलेली आणि १८६९ साली पुरी झालेली मोठी मंडई, भुलेश्वरचा भाजीबाजार, मस्जिद बंदराकडचे दाणाबंदर, ही सर्व घाऊक किंवा निवांत खरेदीची ठिकाणे. चाळीतल्या माणसाचा खरा आधार म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरचा, उधारीची वही ठेवणारा वाणी. तो पहाटे दिवा लावी आणि मध्यरात्री मालवी. त्याचा गुमास्ता, बहुधा गावाकडून आणलेला एखादा नात्यातला मुलगा, दुकानातच जेवे, दुकानाच्या फळीवरच निजे, आणि अवेळी कोणी कडी वाजवली तर उठून अर्धा शेर साखर तोलून देई. मुंबईच्या जुन्या दिवसांची आठवण काढताना रात्री बाराला उघड्या असलेल्या दुकानांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. त्या दिव्याखाली जो मुलगा डोळे चोळत उभा होता, त्याचे वय काय आणि तो किती तास उभा होता, हे मात्र त्या कौतुकात येत नाही.

गिरणीकामगाराला साप्ताहिक सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्जावर हजारो सह्या घेतल्या, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. गिरणीत एका आवारात हजारो माणसे असत. ती एकत्र येऊ शकत, एकत्र थांबू शकत. गुमास्ता एकेका दुकानात एकटा किंवा दुकटा, धन्याच्या नात्यातला आणि धन्याच्याच अन्नावर वाढलेला. त्याचा संप होणे शक्य नव्हते. गिरणीकामगाराला जे १८९० साली मिळाले ते त्याला मिळण्यास जवळजवळ अर्धे शतक जावे लागले, ह्याचे कारण मला तरी हेच दिसते.

१९३७ साली बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारावर आले. अहमदाबादच्या मजूर चळवळीत तयार झालेले गुलझारीलाल नंदा त्यात पार्लमेंटरी सेक्रेटरी होते. दुकाने व संस्था ह्यांच्यासंबंधीचा हिंदुस्थानातील पहिला कायदा ह्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत, १९३९ साली झाला; त्याचा अंमल प्रत्यक्षात सुरू झाला तो १९४० च्या नोव्हेंबरात, मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यानंतर वर्षभराने. पुढे १९४६ ते १९५० नंदा मुंबईचे मजूरमंत्री होते आणि त्याच काळात, १९४८ साली, जुन्याच्या जागी नवा, अधिक विस्तृत कायदा आला. लोक त्याला गुमास्ता कायदा म्हणू लागले आणि दुकानाच्या परवान्याला आजही गुमास्ता लायसन म्हणतात.

ह्या १९४८ च्या कायद्याची कलमे वाचताना, ती लिहिणाऱ्यांनी बाजारात उभे राहून पाहिले असले पाहिजे, असे वाटल्याशिवाय राहत नाही. सामान्य दुकान सकाळी सातच्या आधी उघडू नये आणि रात्री साडेआठनंतर चालू ठेवू नये. पण साडेआठच्या ठोक्याला जे गिऱ्हाईक माल घेत असेल किंवा आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असेल, त्याला पुढल्या पाव तासात माल देण्यास हरकत नाही. पानविडीच्या दुकानाला रात्री अकरापर्यंत मुभा. नोकराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, मध्ये विश्रांती द्यावी, आणि काम व विश्रांती मिळून अकरा तासांच्या आत त्याचा दिवस संपावा. आठवड्यातून एक दिवस दुकान पूर्ण बंद. तो वार दुकानदाराने आधी ठरवून इन्स्पेक्टरला कळवायचा. फेरीवाल्याने दुकानांचा धंदा पळवू नये म्हणून, ज्या मालाची दुकाने बंद झाली तो माल रस्त्यावर विकण्यासही त्या वेळात मनाई होती. पाव तासाच्या त्या सवलतीत मला फार मोठे औदार्य दिसते. नोकराची सुटका होणार हे निश्चित ठेवून, गिऱ्हाइकाच्या तोंडावर दार लावले जाऊ नये, एवढी काळजी कायद्याने घेतली होती.

ह्या पहिल्या कारणाबद्दल कोणा नागरिकाने तक्रार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे कारण निराळे होते, आणि तेच अधिक क्लेशकारक ठरले.

१९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ येणे थांबले. मुंबई हे तांदूळ खाणारे आणि तांदूळ न पिकविणारे शहर. कोकणातून आलेल्या लक्षावधी माणसांचे दोन वेळचे जेवण म्हणजे भात. पुढल्या वर्षी बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. मुंबईत तसे झाले नाही, ह्याचे मोठे श्रेय १९४३ च्या मे महिन्यात शहरात सुरू झालेल्या शिधावाटपाला आणि ते उभे करणाऱ्या ए. डी. गोरवाला ह्यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना आहे, हे आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य हे त्या काळचे उद्दिष्ट. ते टिकले नाही. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे एकदा उठली, भाव भडकले, वर्षाच्या आत पुन्हा आली. आणि १९५१ च्या आरंभी शिधा बारा औंसांवरून नऊ औंसांवर आला. रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाल्यावर नियंत्रणे सैल झाली. पण १९६५-६६ च्या अवर्षणांनी शिधापत्रिका पुन्हा घरोघर अपरिहार्य केली, आणि १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव अजून विसरता येत नाही.

शिधापत्रिका एका दुकानाशी बांधलेली असे. उघड्या बाजारात वाणी आवडला नाही तर पुढल्या वाण्याकडे जाता येते. येथे तो मार्ग बंद होता. दुकानात कोणत्या दिवशी गहू येईल, येईल तो किती वेळ पुरेल, तांदळात खडे किती असतील, रॉकेलचा डबा आज उघडेल की उद्या, ह्यांपैकी काहीही घेणाऱ्याच्या हाती नव्हते. तिच्या हाती होते ते फक्त रांगेत उभे राहणे. मी ‘तिच्या’ म्हणतो ते विचारपूर्वक, कारण रांगेत पुरुष क्वचित असत; मुले असत आणि बायका असत. दुधाचीही तीच कथा. दारा खुरोडी ह्यांनी उभारलेल्या आरे वसाहतीचे उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि भेसळीच्या पाणचट दुधाऐवजी मोहोरबंद बाटलीतले शुद्ध दूध शहराला मिळू लागले, हे निर्विवाद सत्कार्य होय. पण ते दूध कार्डावर, ठरलेल्या केंद्रावर, पहाटेच्या ठरलेल्या वेळेत. उशीर झाला की बाटली परत गेली. शिकणारी मुलेमुली त्या केंद्रांवर काम करून फीचे पैसे जमवीत. दिवस उजाडण्याआधी रिकाम्या बाटल्यांचा आवाज करीत बायका केंद्राकडे निघत.

ज्या बाईचा सारा दिवस घरात होता, तिने हे सर्व कसेबसे बसवून घेतले. परंतु पन्नास-साठच्या दशकांत मध्यमवर्गातल्या बायका कचेऱ्यांत, बँकांत, टेलिफोन खात्यात मोठ्या संख्येने जाऊ लागल्या, आणि त्यांच्या दिवसाशी वाण्याच्या आणि शिधावाटपाच्या ह्या दोन्ही घड्याळांचा मेळ बसेना. शिधावाटपाचे दुकान उघडे असे तेव्हा त्या कचेरीत असत. त्या गाडीतून उतरून घरी पोहोचत तेव्हा वाण्याच्या फळ्या लागण्याची वेळ झालेली असे. आणि ज्या वारी रजा मिळे तो पुष्कळदा बाजार बंदचाही वार निघे. गुमास्त्याला नऊ तासांचा दिवस देणाऱ्या कायद्यात ह्या बाईच्या चौदा-पंधरा तासांच्या दिवसाचा हिशेब कोणी मांडला नव्हता. तो दोष गुमास्त्याचा नव्हे. कायदा करणारे पुरुष होते, आणि वाणसामान घरात आपोआप येते अशीच त्यांची समजूत असावी.

वाट काढली ती बायकांनीच. दादर स्थानकाबाहेर संध्याकाळी भरणारा भाजीचा बाजार, आणि लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर वर्तमानपत्र पसरून निवडल्या जाणाऱ्या मेथीच्या जुड्या, ह्या त्यांनी काढलेल्या वाटा होत. नायगावात १९४८ साली कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेने जो व्यवहार सुरू केला त्यातून पुढे अपना बाजार उभा राहिला. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार समिती स्थापून लाटणी हातात घेऊन मोर्चे काढले, तेव्हा तेल, साखर, रॉकेल हे प्रश्न चुलीपुढून उठून सचिवालयाच्या दारापर्यंत गेले. आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानालाच वगळले: शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी आधी द्यावी, माल एकत्र यावा आणि सर्वांनी मिळून तो वाटून घ्यावा. दुकानाच्या वेळेचा जाच इतक्या साध्या युक्तीने दुसऱ्या कोणी दूर केल्याचे मला माहीत नाही. ही वाटणी बहुतेक ठिकाणी बायकांनी आपल्याच घरांच्या ओसरीवर, मोबदल्याविना केली.

दुकानाच्या वेळांचा विषय निघाला की पुण्यातल्या दुकानांच्या दुपारच्या बंदविषयी पुष्कळ थट्टा होते. जेथे धनी हाच नोकर आणि दुकानामागेच घर, तेथे सकाळी व संध्याकाळी दोनदा उभे राहणारा माणूस मध्यान्ही जेवून आडवा होणार, ह्यात मला थट्टेसारखे काही दिसत नाही.

१९९१ नंतर मोठी भांडारे आली, शिधावाटपाच्या दुकानाशी मध्यमवर्गाचा संबंध तुटला, आणि साडेआठचे बंधन अनेक सवलतींनी झिजत गेले. १९४८ चा कायदा रद्द होऊन महाराष्ट्राचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. बहुतेक दुकानांना आता वर्षाचे सर्व दिवस, दिवसाचे चोवीस तास उघडे राहण्याची परवानगी आहे. नोकराला मात्र पाळीपाळीने साप्ताहिक सुटी द्यावी लागते, तासांची मर्यादाही आहे. कचेरीतून रात्री दहाला परतणाऱ्या बाईला ह्याने खरोखरच दिलासा मिळाला, आणि तो मिळण्यास इतकी वर्षे लागावीत ह्याचे मला दुःख आहे. परंतु सुटीची आणि तासांची ही कलमे त्या कायद्याने लागू केली ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना; त्याहून लहान दुकानाने केवळ आपल्या धंद्याची सूचना द्यायची. चाळीच्या तळमजल्यावरच्या वाण्याकडे दोन, फार तर तीन माणसे असतात, म्हणजे १९३९ साली ज्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून पहिला कायदा झाला, त्याची सुटी ह्या कायद्याने पुन्हा त्याच्या धन्याच्या मर्जीवर सोपविली.