वाण्याच्या दुकानांतील मनिला

उदगीरच्या बाजारांत एकादशीच्या आदल्या संध्याकाळीं वाण्याच्या दुकानापुढें गर्दी होते, आणि गिऱ्हाइकांची यादी बहुधा ठरलेली असते. साबुदाणा, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, तळलेल्या बटाट्याचा चिवडा. शेजारच्या टोपलींतून रताळीं आणि हिरव्या मिरच्या. हे जिन्नस सोवळे, सात्त्विक आणि वाडवडिलांपासून चालत आलेले, असा घरोघरचा समज आहे. वस्तुतः भगर वगळली तर या यादींतील जवळजवळ प्रत्येक जिन्नसाचें मूळ अमेरिका खंडांत आहे. उपासाचें हें ताट समुद्र ओलांडून आलें आहे, आणि त्यांतील एका वाटेवर मनिला नांवाचें बंदर लागतें.

उदगीरचें नांव इतिहासांत गाजलें तें 3 फेब्रुवारी 1760 या दिवशीं. सदाशिवराव भाऊंनीं निजामाच्या फौजेस येथें नमविलें, आणि तहानें साठ लक्षांचा मुलूख व दौलताबाद, अहमदनगर, विजापूर यांसारखीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं. त्या छावणींत काय शिजत असेल? ज्वारीची भाकरी, तूर, हरभरा, फुटाणे, गूळ. तोंडीं लावण्यास मिरचीहि असेल, कारण ती पोर्तुगीजांच्या मागोमाग फार लवकर देशावर पसरली होती. शेंगदाणा व बटाटा मात्र तेव्हां या प्रांताचें नेहमींचें अन्न नव्हतें. या दोहोंचा खरा प्रसार एकोणिसाव्या शतकांतला. आज ज्या कुटावांचून मराठवाड्यांतील भाजीला चव येत नाहीं, तें कूट उदगीरच्या विजयी सैन्याला ठाऊक असण्याचा संभव कमीच.

उदगीरच्या लढाईनंतर तिसऱ्याच वर्षीं, म्हणजे 1762 सालीं, मद्रासेहून इंग्रजांचें एक आरमार पूर्वेकडे निघालें. त्यांत मद्रासी शिपायांच्या पलटणी होत्या. ऑक्टोबरांत त्यांनीं स्पॅनिश लोकांपासून मनिला घेतलें. 1764 मध्यें इंग्रज परतले, परंतु कांहीं हिंदी शिपाई परतले नाहींत. मनिलाजवळ काइंता नांवाच्या गांवीं ते स्थायिक झाले, तेथेंच त्यांचे संसार झाले, आणि त्यांचे वंशज त्या भागांत आजहि आहेत. फिलिपिन्समध्यें 'कारे-कारे' नांवाचें एक कालवण आवडीनें खातात. त्याचा रस्सा शेंगदाणे वाटून दाट करतात. त्याच्या नांवाचा संबंध या शिपायांच्या 'करी'शीं जोडणारी एक समजूत तिकडे प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो, दाण्याच्या कुटाची आमटी ओरपणाऱ्या मराठवाड्यांतील माणसाला तें कालवण परकें वाटूं नये.

शेंगदाणा मनिलास पोंचला कसा, हें सांगण्यास आणखी मागें जावें लागतें. 1565 पासून 1815 पर्यंत, अडीचशें वर्षें, स्पेनचीं मोठीं गलबतें मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरांतून मनिलास जात-येत होतीं. जातांना चांदी न्यायची आणि येतांना चीनचें रेशीम व हिंदुस्थानचें सुती कापड आणायचें, असा तो व्यापार होता. चांदीबरोबर रोपें आणि बीजेंहि गेलीं. मद्रासच्या किनाऱ्यावरून कापड घेऊन मनिलास जाणारीं गलबतें होतींच. त्यांच्या परतीच्या वाटेनें हीं बीजें इकडे आलीं असावींत, असें मानण्यास जागा आहे. पोर्तुगीजांची गोव्याची वाट निराळी होती. एकाच पिकानें दोन्ही वाटांनीं यावें, हेंहि अशक्य नव्हे.

या प्रवासाची साक्ष कागदापेक्षां शब्दांत अधिक टिकली आहे. तामिळ भाषेंत शेंगदाण्यास 'मनिला कोट्टै', म्हणजे मनिलाचें बीं, म्हणतात. मराठवाड्यांत शेताच्या कुंपणावर वाढणारी आणि मुलें खिसे भरून खातात ती विलायती चिंच मूळची मेक्सिकोची; इंग्रजींत तिला मनिलाची चिंच असेंच नांव आहे. चिकूला फिलिपिन्समध्यें 'चिको' म्हणतात. बालाघाटच्या डोंगरांत माजलेल्या सीताफळास तिकडे 'आतिस' आणि बंगालींत 'आता' म्हणतात. फळांनीं आपलीं नांवें पुसूं दिलीं नाहींत. मराठीनें मात्र 'सीताफळ' आणि 'भुईमूग' अशीं नवीं नांवें ठेवून पाहुण्यांना घरचें करून घेतलें.

फिलिपिन्समधील गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानास 'सारी-सारी' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ नाना प्रकारचें. आखाती देशांत हिंदी आणि फिलिपिनो कामकरी शेजारीं शेजारीं राहतात, आणि तेथें फिलिपिनो मालाच्या दुकानांत प्रथम शिरलेल्या मराठी माणसास बुचकळ्यांत पडण्याचें कारण नाहीं. गुळासारख्या साखरेंत घातलेल्या शेंगदाण्याची वडी 'पानुत्सा' म्हणून मिळते. ती आपली चिक्कीच. चिंचेच्या गोळ्या आहेत, वाळविलेला आंबा आहे, सरबतांत घालण्याचा साबुदाणा आहे. बरणींतल्या कच्च्या पपईच्या लोणच्याचें नांव 'अचारा'. आपल्याकडील 'अचार' हा शब्द मलायी भाषेंतून तिकडे गेला. आंब्याचें 'मांगा' हें नांवहि दक्षिण हिंदुस्थानांतूनच त्या बेटांवर पोंचलें. म्हणजे देणें आणि घेणें दोन्ही बाजूंनीं झालें.

राजगिऱ्याची कथा याहून विलक्षण आहे. मेक्सिकोचे प्राचीन अझ्टेक लोक राजगिऱ्याचें पीठ मधांत मळून देवाच्या मूर्ति घडवीत आणि उत्सवांत त्यांचा प्रसाद वांटून खात. स्पॅनिश धर्मोपदेशकांना हें पाखंड वाटलें व त्यांनीं तो प्रकार बंद पाडला. आज मेक्सिकोंत लाह्या फोडून पाकांत थापलेल्या राजगिऱ्याच्या वड्या रस्त्यावर विकतात. तिकडे त्यांस 'आलेग्रीया', म्हणजे आनंद, असें म्हणतात. एका देशांत देवापासून दूर केलेलें धान्य दुसऱ्या देशांत देवाच्याच नांवानें खाल्लें जात आहे.

साबुदाण्याचा इतिहास अगदीं अलीकडचा आहे. पूर्वीं तो मलायाकडून येई, आणि साबु-ताडाच्या गाभ्यापासून होई. 1942 च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें आणि ती आयात थांबली. तेव्हां 1943 च्या सुमारास तामिळनाडूंतील सेलम येथें टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा सुरू झाला. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. आज उदगीरच्या एकादशीचा साबुदाणा हा असा महायुद्धानें घडविलेला जिन्नस आहे.

हे सर्व निर्वेध आंत आले, याचें आश्चर्य अशासाठीं वाटतें कीं, माणसांच्या बाबतींत समाज एवढा उदार नव्हता. समुद्र ओलांडून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. 1890 सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें ज्यांच्यापुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं, त्यांवर बहिष्काराचें संकट आलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानडे व टिळक यांसारख्यांनाहि अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्याच काळीं रताळें आणि शेंगदाणा स्वयंपाकघरांत सोवळ्यानें शिजत होते. कारण साधें असावें. उपासाला जीं धान्यें वर्ज्य, त्यांत या नवागतांचीं नांवें नव्हतीं; शास्त्रकारांना त्यांची ओळखच नव्हती. निषेध नसल्यामुळें वाट मोकळी राहिली. माणसाची जात विचारली गेली. दाण्याची कोणीं विचारली नाहीं.

अर्थात् प्रत्येक पाहुणा निरुपद्रवी असतो, असेंहि नव्हे. उदगीर-लातूरच्या शिवारांत पूर्वीं करडईचीं पिवळीं शेतें दिसत. आज तेथें पूर्व आशियांतून आलेलें सोयाबीन पसरलें आहे आणि करडईचें क्षेत्र आक्रसलें आहे. नवें पीक पैसा आणतें, पण जुनें तेल आणि जुनी चव घेऊन जातें. तेव्हां स्वागत करतांना काय जात आहे, याचाहि हिशेब ठेवावा लागतो.

उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यांत होतें. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चार भाषांचे गिऱ्हाईक येथील दुकानदारानें पिढ्यानुपिढ्या पाहिले आहेत. त्याच भागांतील घरांत सकाळीं भिजविलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला होते. तिच्यांत चुरमुरे आणि फुटाण्याची डाळ इथली, मिरची आणि दाण्याचें कूट समुद्रापलीकडचें. परातींत तीं एकत्र झाल्यावर निवडून वेगळीं काढतां येत नाहींत, आणि काढावींत असें उदगीरच्या कोणत्याहि गृहिणीच्या मनांत कधीं आलेलें नाहीं.